उंबऱ्याला टेकलेला ऊस आणि दारची द्राक्षवेल



गळीत हंगाम आता संपत आलेला आहे. ऊसतोडणी कामगार बांधवांचे परतीचे वेध सुरू झाले आहेत, खोडव्याच्या बुडख्या छाटण्याची गडबड गावोगाव चालू आहे आणि पारावर बिलाची चर्चा रंगली आहे. टनेज, उतारा, हप्ता हे विषय या पत्रिकेत नेहमी येतात आणि ते आलेच पाहिजेत. आज मात्र आम्ही एक लहानसा विषय घेऊन आपल्यासमोर येत आहोत. विषय आहे आपल्या परड्याचा, आणि त्या परड्यात लावायच्या एका द्राक्षवेलीचा. विषय लहान आहे म्हणून पान उलटू नये, ही विनंती. याची मुळे आपल्या उसाच्या सरीपर्यंत पोचलेली आहेत.

परवा बाजारच्या दिवशी आपले एक सभासद भेटले. दरसाल दोनशे टनांच्या आसपास ऊस घालणारे, कष्टाळू माणूस. हातातल्या पिशवीत कोथिंबीर, मेथी, चार लिंबं, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्त्याची जुडी आणि वर नातवंडांसाठी किलोभर द्राक्षं. आम्ही सहज म्हटलं, "काय हो, चार एकर रान, बारमाही पाणी, आणि कढीपत्ता इकत?" तर म्हणाले, "आवं, लावायचा कुठं? ऊस पार उंबऱ्याला टेकलाय की!"

आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. पण मनातून ओशाळलो. कारण काही वर्षांमागे आमच्या घराची हीच गत होती. आणि आज आपल्या कार्यक्षेत्रात निम्म्याहून अधिक घरांची तरी दुसरी काय आहे? घराच्या भिंतीपासून दोन हातांवर पहिली सरी. न्हाणीचं पाणीसुद्धा उसाला. आमच्या आईच्या काळात घरामागे परडं होतं. त्यात दोन केळी, अळू, वालाचा वेल, शेवगा, लिंबू, एक कोपरा मिरचीचा. बाजारातून मीठ, गूळ आणि काड्यापेटी आली की आठवडा निघायचा, असं ती सांगते. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला, घरात पैसा आला. हे सगळं चांगलंच झालं. सहकाराने आपल्याला ताठ उभं केलं, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्या धांदलीत परडं गेलं, आणि ते गेलं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. कारण परडं बायकांचं होतं आणि सात-बारा पुरुषांचा!

आमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक सभासदाने घराला लागून निदान अर्धा गुंठा जागा ताटासाठी सोडावी आणि तिच्या मधोमध द्राक्षाची एक वेल मांडवावर चढवावी. एकरी साठ टनाने हिशेब केला तरी अर्ध्या गुंठ्यात पाऊण टन ऊस बसतो. पाऊण टनाने कोणाचं घर चालत नाही आणि कोणाचं बुडतही नाही.

द्राक्षच का? शेवगा, पपई लावा की, असं कोणी म्हणेल. ती लावाच. पण आमच्या दारच्या वेलीने आम्हाला जे दाखवलं ते पपईने दाखवलं नसतं. तो प्रकार सविस्तर सांगतो, कारण त्यात चूक आमचीच होती.

आमची फजिती

२०१७ साली आम्ही एका रोपवाटिकेतून वेल आणली. चिठ्ठीवर 'थॉमसन' लिहिलं होतं. हौसेने खड्डा घेतला, शेणखत भरलं, वेल लावली. पाण्याला तोटा नाही, खताला तोटा नाही. दोन वर्षांत वेलीने छप्पर गाठलं, तिसऱ्या वर्षी शेजारच्या आंब्यावर गेली. पानं बघावीत तर पळसाएवढी. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय वेल आलीय!" पण द्राक्षाचा मणी म्हणाल तर एक नाही. तीन वर्षं आम्ही नुसती सावली खाल्ली.

आमचे मेव्हणे तासगाव भागातले, पिढीजात द्राक्षबागायतदार. २०२० च्या होळीला ते आले. वेलीकडे बघून म्हणाले, "दाजी, ही द्राक्षाची वेल न्हाय, ही धर्मशाळा झाली. कात्री कुठाय?" आम्ही म्हटलं, कापायची कशाला, एवढी छान वाढलीय. ते म्हणाले, "एप्रिलात येतो."

आणि एप्रिलात ते आले, तोंडाला रुमाल बांधून. तो टाळेबंदीचा महिना. शेतीच्या कामाला मुभा होती म्हणून येता आलं. अर्ध्या दिवसात त्यांनी ती वेल अशी कापली की मांडवावर नुसते दांडके उरले. आमची आई कळवळून म्हणाली, "पाव्हणं, चैत्राच्या महिन्यात हिरव्या वेलीला कात्री लावताय?" ते म्हणाले, "मावशी, हिला आत्ता रडू द्या, फाल्गुनात हसंल." खरंच, कापलेल्या तोंडातून दोन दिवस थेंब थेंब पाणी गळत होतं. आई त्या बाजूला फिरकली नाही.

बारा-पंधरा दिवसांत डोळे फुटले. कोवळी, तांबूस, लुसलुशीत फूट निघाली. आम्ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन वेलीखाली. मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी पाहतो, तर नवीन पानं विचित्र झालेली. कडा आत वळलेल्या, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, पान पंख्यासारखं आखडलेलं, शेंडे वाकडे. आम्हाला वाटलं व्हायरस आला. मेव्हण्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. त्यांनी वेलीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "दाजी, उसात काय मारलंय?"

आम्ही म्हटलं, खोडव्यात रुंद पानांचं तण फार झालं होतं, टू-फोर-डी मारलंय.

"कधी?"

"चार दिस झाले."

"वारं कुठलं होतं?"

आता वारा कोण बघतो? पंप पाठीला लावला की सकाळ-संध्याकाळ सारखीच. दुपारी मारलं होतं आणि वारं पश्चिमेचं होतं. खोडवा घराच्या पश्चिमेला.

सभासद बंधूंनो, टू-फोर-डी हे उसाला काही करत नाही, कारण ऊस गवताच्या जातीचा. रुंद पानांच्या तणावर ते चालतं म्हणूनच आपण ते वापरतो. पण द्राक्षाची वेल या औषधाला इतकी हळवी आहे की आपल्या रानातली दुसरी पिकं तिच्यापुढे दगडाची म्हणावीत. फवाऱ्याचा बारीक तुषार वाऱ्यावर आला तरी तिला पुरतो. या औषधाचा 'एस्टर' प्रकार तर उन्हात वाफ होऊन नंतरही लांबपर्यंत जातो. माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही, नाकाला ज्याचा वास येत नाही, ते वेलीचं पान लिहून दाखवतं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये छाटणी केली तरी हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षाचा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार होत असतो, आणि नेमका तेव्हाच आम्ही तिला विषाचा वारा दिला होता. पण आम्हाला झोप लागली नाही ती द्राक्षं गेली म्हणून नव्हे. ज्या दिवशी आम्ही फवारणी केली, त्या दिवशी त्याच वेलीखालच्या दोरीवर आमच्या चार महिन्यांच्या नातीची दुपटी वाळत होती.

कोणाला काही झालं असं आम्ही म्हणत नाही. नात ठणठणीत आहे. उगाच भीती घालणं हा या पत्रिकेचा धंदा नाही. पण इतकी वर्षं आम्ही पंप मारतोय, आणि त्याचं पाणी कुठवर जातं हे आम्हाला प्रथम कळलं ते त्या वेलीमुळे. परड्यात केळ असती तर कळलं नसतं, ऊस तर कधीच सांगत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की द्राक्षाची वेल ही दारची राखणदार आहे. ती फळ देईल तेव्हा देईल, आधी आपल्या वागण्याचा हिशेब देते.

पुढच्या वर्षापासून घराच्या बाजूच्या सहा सऱ्यांत औषध बंद केलं, खुरपं सुरू केलं. बाकी रानात सकाळी लवकर, वारं पडलेलं असताना, पंपाचं नोझल खाली धरून. एस्टर आणणं बंद. २०२२ च्या फेब्रुवारीत वेलीला अकरा घड आले. पहिला घड आईने देवापुढे ठेवला आणि दुसरा मेव्हण्यांसाठी बाजूला काढला.

काही सभासद म्हणतील

काही सभासद म्हणतील, मार्चमध्ये द्राक्षं आपल्या भागात ढिगाने आणि स्वस्त मिळतात. एवढा उपद्व्याप कशाला? म्हणणं खरं आहे. पैशाच्या हिशेबात दारची वेल परवडते असा दावा आम्ही करणार नाही. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. २०१० साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कारण मण्यांत क्लोरमेक्वाटचा, म्हणजे बागायतदार ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्या वाढरोधकाचा अंश तिथल्या मर्यादेबाहेर सापडला. बागायतदारांची मोठी हानी झाली. त्यातून ते शिकलेही, आणि आज निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय जहाजावर चढत नाही. याचा आम्हाला अभिमान आहे. पण मग साधा प्रश्न उरतो. परदेशातल्या पोराच्या ताटात जाणारा घड तपासून जातो. आपल्या आठवडी बाजारात पाटीतून मिळणारा घड कोणी तपासला? दारच्या घडाला प्रयोगशाळा लागत नाही. त्यावर काय मारलं आणि कधी मारलं, हे घरातल्या माणसाला तोंडपाठ असतं.

दुसरे म्हणतील, औषधाशिवाय द्राक्ष येतंच कुठे? हेही बरंचसं खरं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की केवडा, जानेवारीत भुरी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने सांगली-नाशिककडच्या बागांचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. पण बागायतदाराला एकरांनी बाग सांभाळायची असते, डोक्यावर कर्ज असतं. आपल्याला सांभाळायची एक वेल. पाऊस आला तर मांडवावर प्लास्टिकचा कागद ओढता येतो, आणि रोगट पान हाताने खुडता येतं. एकराला जे अशक्य, ते एका वेलीला सहज शक्य.

तिसरे म्हणतील, एका वेलीने काय स्वयंपूर्ण होणार? एका वेलीने कोणी होत नाही. पण ज्या घरात रोज सकाळी कोणीतरी वेलीची पानं उलटून बघतं, त्या घरात कढीपत्ता विकत यायचं हळूहळू बंद होतं. नजर लागली पाहिजे. आपल्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेत निराळी, लांबट मण्यांची वेल हेरली आणि 'तास-ए-गणेश' ही जात दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशाच नजरेने 'सोनाका' निवडली. ही माणसं आपल्यासारखीच बांधावर उभं राहणारी. फरक एवढाच, की त्यांनी रोज पाहिलं.

वेल लावायची कशी

शास्त्र मोठं आहे. एका वेलीपुरतं जेवढं लागतं तेवढंच सांगतो.

जागा : दिवसाचं सहा-आठ तास ऊन हवं. आंब्याच्या सावलीत लावाल तर आमच्यासारखी पानंच खाल. कृष्णाकाठच्या आपल्या कित्येक जमिनी खारवट, चोपण झाल्या आहेत. तिथे वेल स्वतःच्या मुळावर टिकत नाही. म्हणून 'डॉगरीज'सारख्या खुंटावर कलम केलेलंच रोप घ्यावं, किंवा आत्ता खुंटरोप लावून पावसाळा सरता सरता ओळखीच्या कलम बांधणाऱ्याकडून पाचर कलम करून घ्यावं. रोप कोणत्या बागेतल्या काडीचं आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चिठ्ठीवर विश्वास ठेवून आम्ही तीन वर्षं घालवली, आणि जात कोणती ते आजही नक्की माहीत नाही.

जात : बिनबियांची गोड द्राक्षं हवी असतील तर तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, काळी हवी असतील तर शरद सीडलेस. ज्यांना फवारणीचा कंटाळा आहे त्यांनी 'बंगलोर ब्ल्यू' लावावी. बी असतं, साल जाड, चव आंबटगोड, पण रोगाला बरीच दणकट. मुलं खातात, सरबतही छान होतं.

खड्डा : तीन फूट लांब, तेवढाच रुंद, अडीच-तीन फूट खोल. पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत, आपल्या कारखान्याचं प्रेसमडचं खत आणि दोन किलो निंबोळी पेंड. बुडाशी पाचटाचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं अंतर ठेवून. पाचट आपल्याकडे काय कमी आहे? जाळण्यापेक्षा वेलीला घाला, पाणी निम्म्यावर येतं की नाही पाहा.

पाणी : रोज थोडं, साचू द्यायचं नाही. अंघोळीचं साधं पाणी चालेल, पण धुण्याचं सोड्याचं पाणी वेलीला घालू नका. ते केळीला, अळूला जाऊ द्या.

मांडव : सात फूट उंच, दहा फूट लांब-रुंद. चार खांब आणि वर दीड-दीड फुटांवर तार. खोड एकच सरळ वर न्यायचं, तारेच्या थोडं खाली शेंडा खुडायचा, दोन फांद्या दोन बाजूंना तारेवर वळवायच्या. त्यांना ओलांडे म्हणतात. ओलांड्यावरच्या काड्यांवर फळ धरायचं. मांडव भरेपर्यंत पहिलं वर्ष-दीड वर्ष खाली मेथी, कोथिंबीर, लसूण होतो. मांडवावर दोडका-कारली मात्र चढवू नका. सावलीने द्राक्षाचे डोळे वांझ राहतात.

छाटणी : हा सगळ्याचा गाभा आहे. थंड देशात हिवाळ्यात वेलीची पानं झडतात, वेल झोपते, एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे वेल बारमाही जागी. तिला झोपवायचं आणि उठवायचं काम कात्रीने करावं लागतं, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी : ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक-दोन डोळ्यांवर आणायची. दया करायची नाही. येणाऱ्या फुटीतली दाटी विरळ करायची, कारण पुढच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घड घडत असतो आणि त्याला ऊन लागतं. या काळात युरिया आणि भरमसाट पाणी दिलंत तर पानं मिळतील, घड नाही. मग पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, फळ छाटणी : पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या तपकिरी काड्या ठेवायच्या. बिनबियांच्या जातींत पाच-सहा ते आठ डोळे राखायचे. बंगलोर ब्ल्यूला दोन-तीन पुरतात. छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी, शिवरात्र-होळीच्या सुमारास, द्राक्षं तयार.

रोग-कीड : फळ छाटणीनंतर डोळे फुगले की उडद्या भुंगेरा कोंब खातो. भल्या पहाटे खाली धोतर पसरून वेल हलवावी, भुंगेरे पडतात, रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकावेत. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण : शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. बादली प्लास्टिकची, लोखंडाची नको. तयार मिश्रणात स्वच्छ खिळा बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. कोवळ्या पानांवर याच्या निम्म्या ताकदीचं वापरावं. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नाही. मण्यांत पाणी भरू लागलं की सगळं बंद. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा : तणनाशकाचा पंप वेगळा आणि वेलीचा पंप वेगळा. धुतलेल्या पंपावरही विश्वास ठेवू नये.

घड : पहिल्या बहाराला पंधरा-वीसच राखावेत, बाकी लहानपणीच काढून टाकावेत. बुलबुल, साळुंक्या आणि रात्री वटवाघळं हक्क सांगायला येतात. जुनं जाळं टाकावं. दोन घड त्यांच्या नावाने बाहेर ठेवलेत तरी काही बिघडत नाही. वेल जमली की वर्षाला आठ-दहा किलो द्राक्षं घरात येतात. जास्त झाली तर जाळीवर सावलीत वाळवून बेदाणा करावा. चार किलोंचा सुमारे एक किलो होतो. बाजारच्यासारखा पिवळाधमक होणार नाही, तपकिरी होईल. शिऱ्यात तो तितकाच फुगतो.

आमची विनंती

आता मुद्द्यावर येतो. दारच्या वेलीचं खत-पाणी घरचं माणूस करील. पण तिचं जगणं-मरणं शेजारच्या उसावर अवलंबून आहे. एका घराने कितीही जपलं आणि बांधापलीकडच्याने भर वाऱ्यात टू-फोर-डी मारलं तर वेल आखडणारच. म्हणजे परडं हा एकट्याचा विषय नाही. पाणी वाटून घ्यायला आपण एकत्र आलो, ऊस गाळायला एकत्र आलो. वारा वाटून घ्यायला एकत्र यायला काय हरकत आहे?

म्हणून सभासदांना आमच्या तीन सूचना. पहिली, घर, गोठा, अंगणवाडी आणि शाळा यांना लागून असलेल्या सहा सऱ्यांत तणनाशक मारू नये, खुरपणी करावी. मजुरीचा भार पडेल हे आम्हाला ठाऊक आहे, पण सहा सऱ्या म्हणजे सहा एकर नव्हेत. दुसरी, बाकी रानात फवारणी सकाळी, वारं पडलेलं असताना करावी आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी निरोप द्यावा. दोरीवरची कपडी उचलायला तेवढं पुरतं. तिसरी, घरच्या बाईला विचारून अर्धा गुंठा आखावा, आणि एकदा आखला की दर वाढला म्हणून तिथे कांडी लावू नये!

कारखान्याच्या शेती विभागालाही विनंती आहे. उसाचं बेणं, खतं आपण सभासदांना पुरवतो. त्याच धर्तीवर खुंटावरची खात्रीची द्राक्षरोपं, जोडीला शेवगा, लिंबू, कढीपत्ता यांची रोपं, ना नफा ना तोटा तत्त्वावर द्यावीत. गटागटात एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक असे छाटणीचे दोन दिवस ठरवावेत, आणि त्याला सभासदांच्या घरच्या भगिनींना आवर्जून बोलवावं. कात्री त्यांच्या हातात द्यावी. आमचा अनुभव असा की पुरुषाला फांदी तोडायची दया येते, बाई बरोबर तोडते. भाजी निवडायची सवय असते ना!

आमच्या आईला अजूनही एप्रिलातली कात्री पाहवत नाही. त्या दिवशी ती देवळात जाऊन बसते. पण गेल्या वर्षी मेव्हण्यांना यायला उशीर झाला, तर पाडव्यानंतर पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "पाव्हण्याला फोन लाव. वेल रडायची राहिलीय."

यंदाच्या पाडव्याला घराची गुढी उभारून झाली की परड्याकडे एक फेरी मारा. परडं शिल्लक असेल तर वेल लावा. नसेल, तर आधी ऊस सहा सऱ्या मागे घ्या.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपले,
संपादक मंडळ